मदतीचे बटण आणि ड्रॉवरमधील वही

सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या शाखेत आमची संगणकप्रणाली बसवण्यासाठी मी गेले होते, तेव्हा तेथील लेखनिक मॅडमनी टेबलाच्या ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. मुखपृष्ठावर ‘कॉम्प्युटर’ एवढाच शब्द होता. आतील प्रत्येक पानावर एक मथळा आणि त्याखाली क्रमाने पायऱ्या होत्या. ‘पान आडवे करणे.’ ‘वरची ओळ प्रत्येक पानावर आणणे.’ ‘एकाच घरात दोन ओळी.’ ‘पत्र तेच, नावे वेगळी.’ ‘आधार नंबर पूर्ण दिसत नाही तेव्हा.’ पायऱ्यांमधील मेनूंची नावे कानावर पडली तशी देवनागरीत उतरवलेली होती: पेज लेआऊट, मग ओरिएंटेशन, मग लँडस्केप. काही ठिकाणी लाल पेनाने ‘इथे घाई करू नये’ असेही लिहिले होते.

मी त्यांना विचारले की, ही सगळी माहिती प्रोग्राममधील मदतीतही असते, ती कधी उघडून पाहिली आहे का. त्या म्हणाल्या, “उघडली होती की. पण तिथं काय टाइप करायचं ते मला कुठं माहीत होतं?”

कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील मदतीचा मजकूर लिहिणे आणि ती मदत पडद्यावर कुठे ठेवायची हे ठरवणे, हे माझे रोजचे काम आहे. त्या दिवसापर्यंत मदत सहज सापडणे म्हणजे मदतीचे बटण सहज सापडणे, असे मी धरून चालले होते. बटण कोणत्या कोपऱ्यात असावे, केवढे असावे, कोणत्या रंगाचे असावे, यावर आमच्याकडे पुष्कळ चर्चा होत असे. मॅडमना बटण सापडले होते. अडचण त्या बटणाच्या पलीकडे होती, आणि तिचा विचार आम्ही फार कमी केला होता. एका दाराशी पोहोचणे हे एक काम आणि दारात काय बोलावे हे सुचणे हे दुसरे काम. यांपैकी पहिल्या कामाचा इतिहास लांबलचक आहे, आणि दुसऱ्याकडे वळण्याआधी तो पाहणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातील काही जुन्या गोष्टी आजच्यापेक्षा चांगल्या होत्या.

माझ्या पहिल्या संगणकवर्गात आम्हाला वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा जुना प्रोग्राम शिकवला होता. त्यात पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी कायम उघडी असे. मदतीच्या पातळ्या ठरवता येत. कंट्रोल आणि जे दाबून, हात बसला की वापरणारा स्वतःच ती यादी कमी करत जाई आणि लिहिण्यासाठी पडद्यावर अधिक जागा मिळवी. म्हणजे मदत शोधावी लागत नसे. नको झाली की ती बाजूला करावी लागे. वर्डपरफेक्ट हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांकडे कळफलकावर फंक्शन कळांच्या शेजारी ठेवायची एक छापील पट्टी असे आणि कोणत्या कळीने काय होते ते त्या पट्टीवर वाचता येई. पट्टीची गरजही होती, कारण वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये मदतीसाठी एफ-३ होती आणि एफ-१ दाबले की चालू काम रद्द होत असे. लोटस १-२-३ या हिशेबाचे तक्ते करण्याच्या प्रोग्राममध्ये मात्र मदत एफ-१ वरच होती. एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाने मदत मागण्यासाठी सवयीने बोट ठेवावे आणि चालू काम रद्द व्हावे, असा तो काळ होता. १९८७ साली आयबीएमने आपल्या सर्व प्रोग्रामांसाठी वापरपद्धतीचे समान नियम ठरवले, त्यांत एफ-१ म्हणजे मदत हे निश्चित झाले, आणि विंडोजच्या जगानेही तेच स्वीकारले. सर्व प्रोग्रामांत मदतीची एकच कळ असणे ही साधी वाटणारी गोष्ट फार मोलाची होती.

पण कळ पडद्यावर दिसत नाही. ती आधी कोणीतरी सांगावी लागते. आजच्या अनेक लॅपटॉपवर एफ-१ च्या जागी आवाज बंद करण्याचे चित्र असते आणि खरी एफ-१ हवी असेल तर सोबत एफएन दाबावी लागते. नव्याने रुजू झालेल्या मुलाला “अडलास तर एफ-१ दाब” असे सांगितले आणि त्याने आज्ञाधारकपणे ती दाबली, तर संगणकाचा आवाज बंद होतो आणि मदत काही येत नाही. आपलेच काहीतरी चुकले असे त्याला वाटते आणि तो ती कळ पुन्हा दाबत नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसने हे दार वीस वर्षांत किती वेळा हलवले, ते पाहिले की या प्रश्नाची खोली कळते. ऑफिस ९७ मध्ये डोळे असलेली कागदाची क्लिप आली. तिच्यामागे एक गंभीर विचार होता. त्याच कंपनीच्या संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी ल्युमिएर नावाच्या प्रकल्पात, वापरणाऱ्याच्या हालचालींवरून त्याला कशाची गरज असावी याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज बांधण्यावर काम करत होते. त्या संशोधनातील सगळे उत्पादनात उतरले नाही, आणि जे उतरले ते लोकांच्या कामात आगाऊपणे मध्ये येऊ लागले. कोणी पत्राची सुरुवात इंग्रजी मायन्याने केली की ती क्लिप वर येऊन पत्र लिहिण्यासाठी मदत हवी आहे का, असे विचारत असे. आपल्याकडे तर तिला काही ओळखूच येत नव्हते. आपले पत्र ‘प्रति’ने सुरू होते, आणि त्या काळातील बहुतेक मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला जाई, त्यात पडद्यावर मराठी दिसली तरी संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी असे. पानभर लाल नागमोडी रेघा उमटत आणि ही स्पेलिंगची तपासणी बंद कशी करायची हे विचारण्यासाठी लोक शेजारच्या टेबलाकडे जात.

२००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये ही क्लिप मुळातच बंद ठेवलेली होती आणि तिच्याऐवजी मेनूपट्टीच्या उजव्या टोकाला प्रश्न टाइप करण्याची एक छोटी चौकट आली. माझ्या मते ती चौकट त्या सर्व प्रयत्नांत सर्वांत शहाणी होती. ती गप्प बसत असे, कायम एकाच जागी असे आणि येथे काहीतरी लिहायचे आहे हे तिच्याकडे पाहूनच कळत असे. २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली तेव्हा ही चौकटही गेली आणि उजव्या कोपऱ्यात एक लहानसे निळे प्रश्नचिन्ह उरले. मी त्या काळात कार्यालयांमध्ये प्रशिक्षण देत असे. नव्या रिबनमुळे लोकांना मदतीची सर्वाधिक गरज होती, आणि नेमक्या त्याच वेळी मदतीचे चिन्ह सर्वांत लहान झाले होते, हे मी खोल्याखोल्यांतून पाहिले आहे. ऑफिस २०१६ मध्ये रिबनवरच ‘तुम्हाला काय करायचे आहे ते सांगा’ अशा अर्थाची चौकट दिव्याच्या चित्रासह परत आली. ऑल्ट आणि क्यू दाबूनही तेथे जाता येते. पुढे तीच चौकट वरच्या शीर्षकपट्टीत शोधपेटी म्हणून बसली.

या नव्या चौकटीत एक मोठा फरक होता. तिच्या उत्तरात मदतीच्या लेखाऐवजी ती आज्ञाच मिळते. लँडस्केप असे टाइप केले की पान आडवे करण्याची आज्ञा तिथल्या तिथे समोर येते, ती कोणत्या टॅबमध्ये आहे हे माहीत नसले तरी चालते. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्येही ७.२ या २०२१ च्या आवृत्तीपासून शिफ्ट आणि एस्केप दाबून अशी आज्ञाशोधाची खिडकी उघडता येते, आणि गूगल डॉक्समध्ये ऑल्टसोबत तिरकी रेघ दाबली की मेनूंमध्ये शोधता येते. असे असले तरी मला स्वतःला मॅकवरील पद्धत अधिक पटते. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून तेथे मदतीच्या मेनूमध्येच शोधपेटी आहे, आणि उत्तरावर गेले की मूळ मेनू आपोआप उघडून त्यातील नेमक्या ओळीकडे एक बाण दाखवला जातो. काम तर होतेच, शिवाय ती वस्तू कुठे ठेवलेली असते हेही कळते आणि पुढच्या वेळी विचारावे लागत नाही. कार्यालयातील जुने सहकारी असेच शिकवतात; ते आपल्या हातातून माऊस काढून घेत नाहीत, पडद्यावर बोट ठेवून “हे बघा, इथं” असे म्हणतात.

आता मॅडमच्या वाक्याकडे येते. पेटी समोर आहे, पण तिच्यात काय लिहायचे?

१९८७ मध्ये जॉर्ज फर्नास, थॉमस लँडॉअर, लुई गोमेझ आणि सुसान ड्युमेस या बेल कम्युनिकेशन्स रिसर्चमधील संशोधकांनी याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. एकाच गोष्टीला आपापल्या मनाने नाव द्यायला सांगितले, तर दोन माणसे तेच नाव निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते, असे त्यांना वेगवेगळ्या क्षेत्रांतील चाचण्यांत आढळले. म्हणजे प्रोग्राम तयार करणाऱ्याने कितीही विचार करून एक नाव ठेवले, तरी पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी दुसरेच नाव असणार. त्यांचा उपाय सरळ होता: प्रत्येक गोष्टीला एकच उत्तम नाव शोधत बसू नका, लोक जितकी नावे वापरतात तितकी सगळी चालू द्या. हे निष्कर्ष इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजी शब्दांवर केलेल्या चाचण्यांचे आहेत. ज्याच्या मनातील प्रश्न मराठीत उमटतो आणि समोरचा मेनू इंग्रजीत असतो, त्याच्यासाठी हे अंतर किती वाढत असेल याचा विचार मी त्या वहीवरून करू लागले.

मॅडमच्या वहीतील मथळे आणि प्रोग्राममधील नावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ‘वरची ओळ प्रत्येक पानावर आणणे’ याला एक्सेलमध्ये प्रिंट टायटल्स म्हणतात. आपल्या कार्यालयात टायटल म्हणजे अहवालाचे शीर्षक. रकान्यांच्या नावांची ओळ म्हणजे टायटल, हे कोणाच्या मनात येणार नाही. ‘खाली गेलं तरी वरची ओळ हलू नये’ याला फ्रीझ पेन्स हे नाव आहे. ‘पत्र तेच, नावे वेगळी’ म्हणजे मेल मर्ज, आणि त्यातील मेल हा शब्द ऐकला की आज प्रत्येक जण ईमेलच समजतो. ‘एकच पान आडवे, बाकीची उभी’ यासाठी वर्डमध्ये सेक्शन ब्रेक घालावा लागतो, आणि तो शब्द मुळातून ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही शोधाने त्या मॅडम तेथे पोहोचल्या नसत्या. मेनूंचा मराठी अनुवाद केल्याने हे आपोआप सुटते असेही नाही. ओरिएंटेशनच्या जागी एखाद्याने ‘अभिमुखता’ लिहिले, तर अर्थ बरोबर असेल, पण पान आडवे करायला निघालेल्या माणसाला तो शब्दही इंग्रजी शब्दाइतकाच परका आहे.

वहीतील ‘आधार नंबर’ हे पान मात्र सर्वांत अधिक गिरवलेले आणि खाडाखोडीचे होते, आणि त्यावर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण मदत जागच्या जागी दिली तरी ती चुकीच्या दिशेला कशी नेऊ शकते, हे त्यात दिसते. आधार क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेलच्या साध्या घरात (सेलमध्ये) ११ अंकांपर्यंतची संख्या जशीच्या तशी दिसते. बारावा अंक आला की ती संख्या १.२३४५७, मग इंग्रजी ई, मग अधिक ११, अशा वैज्ञानिक लेखनात दिसू लागते. सभासदांची यादी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने क्रमांक नाहीसा झाला. हा प्रकार मदतीत शोधायचा तर काय लिहून शोधायचे? वैज्ञानिक लेखन हे नाव त्याला माहीत असण्याचे कारण नाही. कोणीतरी सांगते की, घर आधी टेक्स्ट करून घ्या. तसे केले की क्रमांक पूर्ण दिसतो, पण घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण उमटतो. घरावर गेले की शेजारी पिवळे चिन्ह येते आणि ते उघडले की, ही संख्या मजकूर म्हणून साठवली आहे, असे सांगून तिचे संख्येत रूपांतर करण्याचा पर्याय पहिल्याप्रथम दिसतो. मॅडमनी तो निवडला, कारण संगणक स्वतःहून सांगतो आहे म्हणजे तेच बरोबर असणार. क्रमांक पुन्हा नाहीसा झाला.

त्या छोट्या यादीत त्याच सूचनेबद्दलच्या मदतीचा पर्यायही आहे आणि दुर्लक्ष करण्याचाही आहे. जागेच्या दृष्टीने ही मदत आदर्श आहे: अडचण आली त्या घराला चिकटून, न मागता पण न अडवता, एका टिचकीवर. तरीही ती मदत ज्या कामाची कल्पना करून लिहिली आहे, ते काम बेरजा करण्याचे आहे. ओळखक्रमांकांच्या याद्या करणे हे आपल्या कार्यालयांतील रोजचे काम आहे, आणि आधार क्रमांकाची कधी बेरीज होत नाही. याहून गंभीर प्रकार १६ अंकी क्रमांकांचा आहे. एक्सेल संख्येतील पहिले १५ अंकच नेमके जपते, म्हणून १६ अंकी क्रमांक साध्या घरात टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि त्या वेळी कोणताही त्रिकोण उमटत नाही. जेथे सगळे बरोबर होते तेथे इशारा, आणि जेथे एक अंक कायमचा गेला तेथे शांतता. मदत कुठे दिसावी हे ठरवताना लोक प्रत्यक्ष कोणते काम करतात ते आधी पाहावे लागते, हे मला या हिरव्या त्रिकोणाने जितके पटवले तितके कोणत्याही ग्रंथाने पटवले नाही.

लोक मदत वाचतच नाहीत, अशी तक्रार माझ्या व्यवसायात नेहमी ऐकू येते. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्येच या वागण्याला सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास असे नाव दिले होते: थोडा वेळ शिकण्यात घातला तर पुढचा पुष्कळ वेळ वाचेल हे खरे असूनही माणूस शिकायला थांबत नाही, कारण त्याला काम संपवायचे असते. मला यात वापरणाऱ्याचा दोष दिसत नाही. मार्चअखेरीला काउंटरसमोर रांग उभी असताना कोणताही समंजस माणूस आधी रांगेकडे पाहील. त्याला त्या क्षणी पाच ओळींची मदत हवी असते आणि ती त्याच पडद्यावर हवी असते. मदतीने त्याला दुसऱ्या खिडकीत नेले, तेथून ब्राउझरमध्ये नेले आणि तेथे इंटरनेट नसल्याचा संदेश दाखवला, तर त्याने पुन्हा का यावे?

हा शेवटचा प्रकार काल्पनिक नाही. लिब्रेऑफिसची मदत मूळ प्रोग्रामपासून वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती घेतलेली नसेल तर एफ-१ संकेतस्थळावर नेते. बसवणाऱ्याने पाच मिनिटे अधिक देऊन मदतीची फाइलही बसवली, तर जोडणी नसलेल्या शाखेतही ती उघडते, म्हणून जिथे मी जाते तिथे हे आवर्जून करते. एका संस्थेत तर मला निराळेच दिसले. त्यांच्या जुन्या हिशेबप्रणालीची मदत सर्व्हरवरील एका फाइलमध्ये होती. विंडोजच्या २००५ मधील सुरक्षाविषयक बदलांनंतर नेटवर्कवर ठेवलेल्या त्या प्रकारच्या फाइलची अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडचे पान कोरे येते. तेथील सर्वांची समजूत होती की, मदत लिहायची राहून गेली आहे. कोणीतरी कष्टाने लिहिलेली तीनशेच्या वर पाने वर्षानुवर्षे त्या कोऱ्या चौकटीमागे पडून होती. मी फाइल प्रत्येक संगणकावर उतरवून दिली, आणि ती उघडली तेव्हा आत मराठीत, उदाहरणांसह, फार चांगले लिहिलेले होते. ते ज्याने लिहिले त्याला हे कधी कळले असेल का, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

त्या वहीनंतर आम्ही आमच्या प्रणालीत काय बदलले, ते थोडे सविस्तर लिहिते, कारण यातील बराचसा भाग मराठीत काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

प्रथम प्रश्नचिन्ह काढून तेथे ‘मदत’ हा शब्द लिहिला. वर्तुळातील प्रश्नचिन्हाचा अर्थ काहीतरी अपूर्ण आहे किंवा शंका आहे असा लावणारे लोक मी पाहिले होते. शब्दाबाबत असे होत नाही. तो शब्द प्रत्येक पडद्यावर त्याच कोपऱ्यात आणि त्याच क्रमाने ठेवला: आधी शोधपेटी, मग या पडद्याबद्दलची माहिती, मग दूरध्वनी क्रमांक. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे, म्हणजे ती अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीचे, जागतिक निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ या आवृत्तीत सुधारले गेले, तेव्हा त्यांत नेमका हाच नियम अगदी पायाभूत पातळीवर घातला गेला: मदतीची साधने अनेक पानांवर असतील तर ती सर्व पानांवर त्याच क्रमाने यावीत, आणि त्यांत माणसाशी संपर्क साधण्याचा मार्गही मोजला जातो. दूरध्वनी क्रमांक ठळक ठेवला तर फोन वाढतील, असा आमच्यातील काहींचा आक्षेप होता. मी तो मान्य केला नाही. अडलेला माणूस फोन करतोच. क्रमांक लपवला तर तो आमच्याऐवजी भाच्याला करतो, आणि भाचा काय सांगतो ते आम्हाला कधीच कळत नाही.

मग नावांचे काम हाती घेतले, आणि ते अद्याप चालू आहे. मॅडमची वही, इतर शाखांमधील अशाच वह्या, टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि फोनवर लोक पहिल्या वाक्यात जे म्हणतात ते, यांतून प्रत्येक कामाची लोकांच्या तोंडची नावे जमवली. ‘पावती रद्द करणे’ या एका विषयाला आता ‘पावती चुकली’, ‘पावती खोडायची’, ‘रिसीट कॅन्सल’, ‘दोनदा पावती झाली’ अशी अनेक दारे आहेत. मराठीचे स्वतःचे प्रश्नही यात आहेत. पावती, पावत्या, पावतीचा, पावत्यांची ही सर्व रूपे एकाच ठिकाणी पोहोचली पाहिजेत. प्रिंट आणि प्रिन्ट, दोन्ही चालले पाहिजे. रोमन अक्षरांत टाइप केलेले मराठीही चालले पाहिजे, कारण घाईत असणारा माणूस कळफलक बदलत बसत नाही.

सर्वांत त्रास एका अक्षराने दिला. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हा शब्दप्रयोग कोणत्याही कार्यालयात रोजचा. पण त्यातील ऱ्या हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक संकेतपद्धतीत, दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. एकात ऱ हे वेगळे वर्ण वापरून त्यापुढे हलन्त येतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि कळफलकानुसार कधी एक उमटते, कधी दुसरे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका शाखेत ‘कर्मचाऱ्यांची रजा’ शोधले की लगेच सापडत होते आणि दुसऱ्या शाखेत तेच शब्द टाइप करूनही काही सापडत नव्हते. कारण लक्षात येईपर्यंत आमचा बराच काळ गेला. आता शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणली जातात. पायऱ्या, दुसऱ्या, अधिकाऱ्यांचे, व्यापाऱ्यांना हे सर्व शब्द या एका सुधारणेने सापडू लागले. मराठीत शोध देणाऱ्या प्रत्येकाने ही एक चाचणी अवश्य करावी.

जे शोधूनही काही सापडले नाही, ते शब्द, संस्थेच्या परवानगीने आणि कोणाचेही नाव न जोडता, आम्ही दर महिन्याला वाचतो. मी या यादीला फार जपते. सापडलेल्या गोष्टींची यादी आमचे आम्हाला माहीत असलेलेच पुन्हा सांगते. न सापडलेल्या शब्दांत लोक बोलत असतात. त्या यादीत ‘टॅली होत नाही’ हे शब्द वारंवार येत होते. आमच्या मदतीत त्या विषयावर ‘ताळेबंदातील तफावत’ या मथळ्याखाली सविस्तर लेख होता. लेख तोच ठेवला आणि मथळा बदलला.

चुकीच्या संदेशांवर सर्वाधिक वेळ गेला. पूर्वी आमचा संदेश एक क्रमांक आणि एक इंग्रजी वाक्य दाखवत असे व ‘ओके’ दाबले की नाहीसा होत असे. मदत शोधायला निघेपर्यंत तो संदेशच डोळ्यांसमोर नसे, त्यामुळे फोनवर आम्ही “काय लिहून आलं होतं?” असे विचारले की “इंग्रजीत काहीतरी होतं, मी ओके केलं” हेच उत्तर मिळे. आता संदेश मराठीत आहे, त्यातच ‘हे का झाले आणि काय करावे’ अशी ओळ आहे, ती दाबली की उत्तर शेजारी उघडते, आणि संदेश बंद केल्यावरही तो दिवसभर मदतीच्या यादीत वर राहतो.

या सर्वांत एक जागा मात्र अजून आमच्या हाती आलेली नाही. वहीतील निम्म्याहून अधिक पाने छपाईची आहेत: आडवे पान, दोन प्रती, अर्ध्या कागदावर पावती, पासबुकाची ओळ खाली सरकणे. पण छपाईची जी खिडकी उघडते ती आमची नसते. तिचा बराचसा भाग प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा असतो, प्रत्येक शाखेत तो वेगळा दिसतो, आणि तेथे ‘मदत’ हा शब्द ठेवण्यास आम्हाला कोपरा नाही. सध्या ती खिडकी उघडण्यापूर्वी आमच्या पडद्यावर कागदाचे छोटे चित्र दिसते, पान उभे की आडवे, पूर्ण की अर्धे, हे तेथेच निवडता येते, आणि त्याखाली पासबुकाची ओळ सरकल्यास काय करावे ते दोन वाक्यांत लिहिलेले आहे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या शाखेत जाणार आहे. पासबुक छापताना मॅडम ती दोन वाक्ये वाचतात, की ड्रॉवर उघडतात, ते मला त्यांच्या शेजारी बसून पाहायचे आहे.